डेल्फीचा निकाल फिरवण्याबाबत

मी, ड्रुसिला नॅपियर, वडिलांचे नाव एलायजा, वय सत्त्याहत्तर, राहणार मिलस्टोन क्रीक, टॅलमन काउंटी, केंटकी. धंदा एके काळी केंद्रीय न्यायाधीश, पुढे अमली पदार्थविरोधी खात्याची प्रमुख, सध्या कोंबड्या. असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गेल्या मंगळवारी डॉक्टरांनी मला आजची तारीख, अध्यक्षांचे नाव आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. तारीख आणि वजाबाकी बरोबर आली. अध्यक्षांचे नाव ठाऊक होते, पण पोटात काही नसताना मी राजकारण बोलत नाही.

माझ्यावर कोणाचे दडपण नाही. उलट माझी भाची रोवेना काल दिवसभर "आत्या, हे लिहू नकोस" म्हणून मागे लागली होती, तरी मी लिहीत आहे. आमच्या राज्यात मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहिले तर साक्षीदार लागत नाहीत. पण माझे अक्षर माझ्या कारकुनाला बावीस महिने वाचता आले नव्हते आणि तेविसाव्या महिन्यात त्याने नोकरी सोडली. म्हणून हे टंकयंत्रावर लिहिले आहे आणि साक्षीदारांची सोय करावी लागली आहे.

यापूर्वी केलेली तिन्ही मृत्युपत्रे रद्द. त्यांत घर, पैसा, भांडीकुंडी सगळे होते. हे मात्र खरे पाहता एका वाक्यासाठी आहे. ते वाक्य मी १९८८ साली एका निकालपत्रात लिहिले आणि डोळे मिटण्याआधी मला ते परत घ्यायचे आहे. बाकीची कलमे त्या वाक्याला सोबत म्हणून आहेत.

कलम पहिले. घर, मागची टेकडी, कोंबड्या आणि बँकेत जे काही असेल ते रोवेनाला, म्हणजे माझा धाकटा भाऊ आर्डेल याच्या मुलीला. छप्पर पुढच्या हिवाळ्याआधी दुरुस्त करावे. न्हाणीघराचा नळ डावीकडे फिरवला की बंद होतो. जगाच्या उलट आहे, पण त्याला तसाच राहू द्यावा, माझी सवय तिलाही लागेल.

कलम दुसरे. माझा न्यायाधीशाचा काळा झगा मक्याच्या शेतातल्या बुजगावण्याला घालावा. माणसे त्याला अकरा वर्षे घाबरली. कावळ्यांचे काय ते बघू.

कलम तिसरे. आता डेल्फी. रोवेनाने हे कलम गाळून वाचले तरी चालेल, बाकीच्यांनी गाळू नये.

डेल्फी हे तपकिरी रंगाचे मादी खेचर आहे. आमचा शेजारी इनॉक स्टिडहॅम याची ती लाडकी. १९८८ च्या वसंतात पोलिसांना ती टेकडीमागच्या वाटेवर एकटीच सापडली, पाठीवर गांजाची दोन पोती. माणूस झाडीत पळून गेला होता. तिला पळायचे सुचले नाही, कारण पुढ्यात हिरवे गवत होते.

आमच्या कायद्यात अशी सोय आहे की माणूस सापडला नाही तर वस्तूवरच खटला भरायचा. गाडी, होडी, घर, काहीही. म्हणून माझ्यापुढे कागद आला: "अमेरिकेची संयुक्त संस्थाने विरुद्ध एक तपकिरी खेचर, वय अंदाजे आठ." कोर्टाचा मार्शल तिला समन्स बजावायला गेला. नियमाप्रमाणे त्याने ते तिच्या गळ्यात अडकवले. तिने ते खाल्ले. कारकुनाने शेरा मारला, "समन्स स्वीकारले." वीस दिवसांत खेचराकडून लेखी उत्तर आले नाही, याचीही नोंद झाली. मी हे सगळे न हसता वाचले. न हसता वाचता येणे हीच त्या नोकरीची मुख्य पात्रता आहे.

मालकाला आपले जनावर सोडवायचे असेल तर त्याने एवढेच सिद्ध करायचे होते की या उद्योगाची त्याला कल्पना नव्हती. म्हणजे त्या दिवशी खेचर कोण मागून घेऊन गेले ते सांगायचे. इनॉक साक्षीला उभा राहिला. स्वच्छ सदरा, केसांना पाणी लावलेले.

"स्टिडहॅम, त्या दिवशी खेचर कोणाकडे होतं?" मी विचारले.

"खेचर माझं आहे, जजबाई."

"ते माहीत आहे. नेलं कोणी?"

"खेचर माझं आहे."

असे सात वेळा. सरकारी वकील विन्स्टन थ्रॅशर दर वेळी ज्युरीच्या बाकांकडे वळून मान हलवत होता, आणि त्या खटल्याला ज्युरी नव्हतीच. इनॉक आणि मी एकाच शाळेत, एकाच बाकावर शिकलो. पहिलीत त्याने माझ्यासाठी मास्तरांचा मार खाल्ला होता. त्या दिवशी तो माझ्याकडे असा बघत होता की मला तो उद्दामपणा वाटला. रोज मधल्या सुट्टीत माझा भाऊ आर्डेल मला घेवडा आणि मक्याचा पाव आणून देई आणि नंतर तिसऱ्या रांगेत बसून कामकाज ऐके. मला वाटायचे, बहिणीचे केवढे कौतुक आहे याला.

मी निकाल दिला. खेचर सरकारजमा. आणि निकालपत्रात हे वाक्य लिहिले: "मालकाचे मौन हीच त्याची कबुली आहे." मला ते फार आवडले होते. मी ते दोनदा मोठ्याने वाचून पाहिले होते.

कलम चौथे, लिलावाबद्दल, कारण तेव्हाही गोष्ट मिटली असती. आमच्या डोंगरात रीत आहे की शेजाऱ्याची वस्तू जप्त होऊन लिलावात आली तर कोणी बोली लावायची नाही. मूळ मालक एक डॉलर म्हणतो, आणि वस्तू घरी परत जाते. लिलावाला चारशे माणसे आली, सगळी तोंडाला कुलूप लावून. लिलाववाला चाळीस मिनिटे ओरडला. सगळे इनॉककडे बघत होते. शेवटी त्याचा चुलता न राहवून कुजबुजला, "अरे, म्हण की एक डॉलर!"

"माझंच मी विकत घेऊ?" इनॉक म्हणाला. "उद्या माझी बायकोही लिलावात काढाल."

"बायकोला कोण चारशे माणसं यायची," चुलता म्हणाला, पण ते हसण्यावारी गेले नाही. इनॉकने बोली लावली नाही, आणि त्याच्या मानाखातर इतर कोणीही लावली नाही. बोली लागली नाही म्हणजे माल सरकारी वापरात जातो. अशी चारशे लोकांच्या सभ्यपणामुळे डेल्फी सरकारी नोकरीत लागली.

तिची नोंद करायला अमली पदार्थविरोधी खात्याच्या तक्त्यात जनावरांचा रकानाच नव्हता. कुत्र्यांचा होता, पण ती भुंकत नव्हती. तेव्हा तिला वाहनांत घातले: "चारचाकी, डोंगराळ रस्त्यास योग्य." दर वर्षी टायरांच्या स्थितीची विचारणा येई. "चारही शाबूत, मागचा उजवा जपून," असे शाखेचा माणूस लिहून पाठवी. त्या मागच्या उजव्याने त्याचे दोन दात पाडले होते.

कलम पाचवे. या खटल्याचा मला फायदा झाला, हे मी कबूल करते. थ्रॅशरने टीव्हीवाल्यांना बोलावले, आणि महिनाभरात मी "खेचरालाही न सोडणारी न्यायाधीश" म्हणून देशभर प्रसिद्ध झाले. सदतीस मोठे खटले मी नीट चालवले होते, त्यांची कोणाला आठवण नव्हती. १९९० साली वॉशिंग्टनहून फोन आला की अमली पदार्थविरोधी खाते सांभाळाल का. केंद्रीय न्यायाधीशाला मरेपर्यंत कोणी काढू शकत नाही. आई म्हणाली, "तहहयात नोकरी सोडून कुठे चाललीस? तिथली माणसं चार वर्षांत बदलतात, अंतर्वस्त्रं बदलावीत तशी." मी तरी गेले. मला वाटले होते, न्यायासनावर बसून पोती मोजत राहण्यापेक्षा तिथे काही तरी थांबवता येईल.

सिनेटच्या सुनावणीत मला एकवीस प्रश्न विचारले, त्यातले सतरा डेल्फीबद्दल होते. एका सिनेटरला ती साक्षीला हवी होती. खात्यात गेले तर माझ्या आधी खेचराचा पोशाख तिथे पोहोचला होता. एक माणूस तो घालून शाळाशाळांतून हिंडे आणि म्हणे, "नको म्हणा आणि लाथ मारा!" मुलांनी पहिला अर्धा भाग सोडून दिला. हेडमास्तरांची पत्रे यायला लागली.

दुसऱ्या वर्षी आमच्या हेलिकॉप्टरने आकाशातून फोटो काढून टॅलमन काउंटीत गांजाचे शेत हुडकले. नऊ माणसांनी ते मुळापासून उपटले. ते माझ्या मावशीचे फुलांचे वाफे होते. ऑगस्टातल्या स्मरणदिनी घरच्या थडग्यांवर वाहायला ती दर वर्षी लावायची. पाने थोडीशी तशी दिसतात, एवढाच त्यांचा गुन्हा. मी मावशीला सरकारी कागदावर माफीचे पत्र लिहिले. वकिलांनी त्यातून "चूक", "माफी" आणि "मावशी" हे तीन शब्द काढायला लावले. त्या वर्षी आमच्या आजोबांच्या थडग्यावर मावशीने ते पत्र ठेवले, वर दगड.

तीन वर्षांनी मी घरी आले. गांजा होता तेवढाच होता. येताना डेल्फीला "मोडीत काढलेले वाहन" म्हणून ताब्यात घेतले आणि दुसऱ्याच दिवशी इनॉककडे परत पाठवली. तो तिला कुंपणाशी सोडून गेला. जाताना तिलाच म्हणाला, "डेल्फे, माझं मला देणारी ही कोण?"

तेव्हापासून आमचे बोलणे असे आहे. तो रोज सकाळी मक्याचे कणीस घेऊन कुंपणाशी येतो आणि खेचराशी बोलतो. माझ्याशी नाही.

"डेल्फे, सांग तुझ्या मालकिणीला, धुराड्यात पाखरांनी घरटं केलंय. चूल पेटवलीन तर घर जाईल."

"डेल्फे, त्यांना म्हणावं, मी त्यांच्याएवढीच वर्षं चुली पेटवत आले आहे."

"पेटव म्हणावं. पाणी घेऊन मी नाही यायचा."

आणि मग दिवसभर बादली भरून कुंपणापलीकडे बसून राहायचे. त्याची बायको वारली तेव्हा मी सांत्वनही डेल्फीकडेच केले. तिने कान हलवले. इनॉक म्हणाला, "सांग तिला, पोचलं." वीस वर्षे झाली. माझ्या आयुष्यात मी इतकी माणसे ऐकली, पण रोज सकाळी मी वाट पाहते ती या दहा मिनिटांची. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. आता कागदावर आले आहे.

कलम सहावे. विन्स्टन थ्रॅशर, हल्ली निवृत्त, फ्लोरिडा, यांस खेचराचा तो पोशाख, डोके वेगळे आहे ते धरून. तो त्यांच्या अंगाला बसेल. दुसरे काही नाही, आणि ते काही नाही त्यांना नीट बांधून पाठवावे.

कलम सातवे, ज्यासाठी हा खटाटोप. गेल्या मार्चमध्ये आर्डेल हॉस्पिटलात होता. मी शेजारी बसले होते. तो म्हणाला, "ताई, ते खेचर मी नेलं होतं."

"कुठलं खेचर?"

"तुझ्या आयुष्यात खेचरं आली तरी किती गं?"

मी विचारले, "इनॉकला माहीत होतं?"

"त्याच्याकडूनच तर मागून नेलं. बटाटे आणायचेत म्हणालो. नंतर पाय धरायला गेलो तर म्हणाला, घरी जा."

"मग तो बोलला का नाही?"

"रोवेना सहा महिन्यांची होती. आणि वर तू बसली होतीस. तो म्हणाला, बहिणीच्या तोंडून भावाला दहा वर्षं ऐकवायला लावू का मी?"

कायदा तसा नाही. इनॉकने नाव घेतले असते तर मला त्याच क्षणी खटल्यातून उठावे लागले असते, दुसरा न्यायाधीश आला असता. आर्डेल मात्र आत गेला असता, ते खरे. इनॉकला यातले काही ठाऊक नव्हते. त्याला वाटले की मला माझ्या भावाला शिक्षा सुनवावी लागेल, म्हणून तो मला वाचवत होता. आणि मी त्याला न्यायासनावरून गुन्हेगार ठरवत होते. आर्डेल चार दिवसांनी गेला. सात महिने मी रोज कुंपणाशी जाते, बोलायचे ठरवून, आणि खेचराशी हवापाण्याच्या गप्पा मारून परत येते.

रोवेना काल म्हणाली, "बाबा गेले, आत्या. त्यांचं नाव आता कशाला उकरतेस?" मी तिला म्हटले, "तुझ्या बापाचं नाव झाकायला एका माणसानं स्वतःचं पंचवीस वर्षं चिखलात ठेवलंय. आता पाळी आपली." ती रडली, मग तिने टंकयंत्राची फीत बदलून दिली.

म्हणून लिहून ठेवते: खेचर आर्डेल नॅपियर याने नेले होते. इनॉक स्टिडहॅम निर्दोष होता. "मालकाचे मौन हीच त्याची कबुली आहे" हे माझे वाक्य खोटे आहे आणि ते मी मागे घेते. ज्या नोकरीने मला नाव दिले ती त्या वाक्यावर उभी होती, तीही त्याच्याबरोबर गेली तर जाऊ द्यावी. डेल्फी मी इनॉकला देत नाही, कारण ती कधीच माझी नव्हती. ती परत करते. हे मृत्युपत्र चर्चमध्ये सगळ्यांपुढे वाचावे.

साक्षीदारांबाबत. दोन लागतात, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते तो साक्षीदार झाला तर त्याचे मिळायचे ते बुडते. इडा ब्रॅशियर, आमची जुनी पोस्टमास्तरीण, हिचा माझ्या बिडाच्या तव्यावर डोळा होता. तिला विचारले, "साक्ष की तवा?" तासभर विचार करून ती साक्ष म्हणाली, आणि तेव्हापासून फुरंगटून बसली आहे. दुसरा साक्षीदार मिळेना. या काउंटीत असे घर शोधून सापडत नाही ज्यातले कोणी मी आत पाठवलेले नाही. आमचे पाद्री ब्रदर हॉबर्ट यांनी येतो म्हणून कबूल केले होते, पण त्यांचा जावई १९८२ साली माझ्यापुढे उभा होता, आणि त्यांच्या बायकोने त्यांचे बूट लपवले.

(पुढचे आज सकाळी घडले, ते तसेच लिहिते.)

अकराच्या सुमारास इनॉक कणीस घेऊन आला. मी कागद घेऊन कुंपणाशी गेले आणि सातवे कलम मोठ्याने वाचले. खेचराला, रीतीप्रमाणे. 

इनॉकने डेल्फीच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाला, "डेल्फे, हिला सांग, मेलेल्या माणसावर आळ घेऊ नये."

"डेल्फे, त्यांना सांग, मेलेल्या माणसानेच मला सांगितलंय."

तो वळला आणि चालायला लागला. मला वाटले, संपले. पण तो कुंपणाच्या कडेकडेने फाटकापर्यंत गेला, कडी काढली आणि आत आला. १९८८ नंतर पहिल्यांदा. ओसरीवर येऊन त्याने टोपी काढली आणि रोवेनाला म्हणाला, "पेन आण, पोरी. दुसरा साक्षीदार नाही ना मिळत?"

"अरे इनॉक, थांब!" ओसरीवरच्या कोपऱ्यातून इडा ओरडली. "तू सही केलीस तर खेचर गेलं! कायदा आहे. मी तवा घालवून बसलेय!"

इनॉक माझ्याकडे वळला. माझ्याकडे. "खरं का हे, ड्रुसिला?"

अकरा वर्षे मी लोकांना कायदा सांगत होते. आत्ता इनॉकला सांगितला. "खरं आहे," मी म्हटले.

"मग बरंच की," तो म्हणाला. "ती माझ्या घरी आली, तर सकाळी मी इथे कशाच्या निमित्तानं येऊ?"

आणि त्याने पेन घेतले.

सबब, सातव्या कलमातला खेचर परत करण्याचा भाग रद्द समजावा. बाकी प्रत्येक शब्द कायम. माझ्यानंतर डेल्फी रोवेनाकडे राहील. रोवेनाने फाटकाची कडी काढून टाकावी.

मिलस्टोन क्रीक, टॅलमन काउंटी, केंटकी. दिनांक १७ ऑक्टोबर २०१३, दुपारचे बारा वाजण्यास पाच मिनिटे कमी.

सही: ड्रुसिला नॅपियर

साक्षीदार पहिली: इडा ब्रॅशियर. माझ्यासमोर सही झाली. तव्याबद्दल माझी तक्रार नाही, पण लिहून ठेवलेलं बरं.

साक्षीदार दुसरा: बाई शुद्धीवर आहे. रडत होती, पण शुद्धीवर आहे. मी समोर होतो. इनॉक स्टिडहॅम.